मागून आणलेली भाकरी



पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की यवत जातं, खुटबाव जातं आणि मग केडगाव स्टेशन येतं. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन बाया चढतात, उतरतात. मीही कितीदा त्या स्टेशनावरून गेले असेन. पण इथं सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातल्या शेकडो मुली उतरल्या होत्या, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं, तेही परीक्षेपुरतं. ‘पंडिता रमाबाई, समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन.’ पाच मार्कांचा प्रश्न. पाठ केलं आणि विसरले.

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, गरिबाला मदत करा, मदत करा सगळेच म्हणतात. गरिबाला गरीब कुणी केलं ते कुणी विचारत नाही." तेव्हा मला रमाबाई आठवल्या आणि मी त्यांच्याबद्दल पुन्हा वाचायला बसले. आज त्यांचंच सांगणार आहे. सगळं चरित्र सांगत नाही, तेवढा वेळ आपल्याला नाही. भुकेची गोष्ट सांगते. आणि ज्याने भूक पाहिली तो माणूस पुढं काय करतो, ते सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं. त्या काळी बाईने वेदशास्त्राची भाषा शिकणं म्हणजे अधर्म. त्यावरून त्यांना त्रास झाला, जाब द्यावा लागला, पण त्यांनी शिकवणं सोडलं नाही. आणि त्या आईने, लक्ष्मीबाईंनी, तेच ज्ञान आपल्या लेकीला दिलं. भल्या पहाटे घरकामाच्या आधी आई मुलीला उठवायची आणि पाठ द्यायची. घर म्हणजे तरी काय, तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं आणि लोक जे दक्षिणा देतील त्यावर जगायचं. कधी देवळात, कधी धर्मशाळेत.

१८७४ च्या सुमाराला दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही तर पुराणिकाला कोण देणार? होतं नव्हतं ते विकलं. भांडी विकली. मागायची लाज आणि दुसरं कुठलं काम कधी केलेलं नाही. एक वेळ अशी आली की अकरा दिवस पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. वडील गेले. मग आई आजारी पडली.

पुढचं रमाबाईंनी स्वतः १८९७ साली इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. आईने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. घरात काही नाही. सोळा वर्षांची रमा शेजारच्या बाईकडे गेली. ती बाई मायाळू होती, गोड बोलली. पण भाकरी मागायला रमाचं तोंड उघडेना. डोळ्यातलं पाणी तिने दाबून धरलं तर ते नाकातून वाहायला लागलं. तोंड बघूनच शेजारीण समजली. तिनेच विचारलं, काही खायला हवं का? तेव्हा कुठे रमा म्हणाली, फक्त भाकरीचा तुकडा हवाय. तो घेऊन ती धावत आली. पण आईला खाण्याची ताकद उरली नव्हती. काही दिवसांत आई गेली.

आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण आले. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंचीला लहान, खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या बाजूची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान काही कोसावर होतं.

मैत्रिणींनो, नाकातून आलेलं ते पाणी आपल्याला ओळखीचं आहे. उधार मागायला गेलेल्या बाईला ते माहीत असतं. आमच्या गटातल्या आजींनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. त्या सांगतात, भूक सहन व्हायची, पण हजेरी लावणाऱ्यापुढं उभं राहणं सहन व्हायचं नाही.

नंतर मोठी बहीणही गेली. उरली दोन भावंडं. पायी हिंडत ती उत्तरेला गेली. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला नाही, म्हणून वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणून त्यात झोपली, अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असे मान दिले. म्हणजे बघा, वाळूच्या खड्ड्यातून थेट सभेच्या व्यासपीठावर. पण पोटात राहिलेली भूक तीच.

मधला काळ पटकन सांगते. भाऊ वारला. रमाबाईंनी बिपीनबिहारी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षांच्या आत तेही वारले. तान्ही मुलगी मनोरमा कडेवर घेऊन १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणाचा विचार करायला सरकारने नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं. त्यापुढं त्यांनी साक्ष दिली की मुलींच्या शाळांसाठी बायकाच शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात. कारण कित्येक बाया पुरुष डॉक्टरला अंग दाखवायचं नाही म्हणून मरतात. हे आज ऐकायला साधं वाटतं. पण आपल्या भागातल्या किती उपकेंद्रांवर बाई डॉक्टर आहे, ते तुम्हीच सांगा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी यायचं म्हणून ते राहिलं. वाँटेज नावाच्या गावात ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथं वाट चुकलेल्या, लोकांनी टाकलेल्या बायांसाठी घर होतं. आपल्याकडे अशा बाईला कोण उंबऱ्यात घेत होतं? इथं मात्र भगिनी त्यांची सेवा करत होत्या, त्यांना कामाला लावत होत्या, आणि त्या बाया बदलत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट बायबलमध्ये योहानाच्या पुस्तकात आहे. भर दुपारी एक बाई एकटी विहिरीवर पाणी भरायला येते. जातीने हलकी मानलेली, पाच नवरे झालेली, गावाने नाव ठेवलेली. विहिरीवर बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. तीच चकित होते, की तुमच्यासारख्याने माझ्या हातचं पाणी मागावं? आपल्या गावात विहीर आणि पाणी यावरून काय काय घडलं आहे, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला का भिडली असेल, ते आपल्याला कळतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्या ख्रिस्ती झाल्या.

पुण्यात मोठा गहजब झाला. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या तिथल्या पाद्र्यांच्या हुकमात राहिल्या नाहीत. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, मला कळेल अशा संस्कृतात का नकोत, असं त्यांनी विचारलं. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी तरुण मुलांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं आलं, तेव्हा त्या चिडल्या आणि तसं लिहून कळवलं. मला वाटतं, आईबापांनी जे घडवलं ते धर्म बदलून पुसलं गेलं नव्हतं. विचारल्याशिवाय मान डोलवायची नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींना डॉक्टरीची पदवी मिळाली त्या समारंभाला. तिथं गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. तिथल्या बायकांनी ठिकठिकाणी मंडळं काढली आणि दहा वर्षं ठरावीक वर्गणी द्यायची असं ठरवलं. सांगायचं म्हणजे, बचत गटासारखंच. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढं त्यांचं लग्न धोंडो केशव कर्वे यांच्याशी झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

आता वादाची गोष्ट. ती टाळून पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, ज्या मुलीला यायचं ती यायची. काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं, जी आधी पाठीशी होती, ती १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या आईबापांनी विश्वासाने मुली ठेवल्या त्यांचा राग खोटा नव्हता. आणि ज्या मुलीला तिच्या घरात दिवसातून एकदा जेवण आणि डोक्यावर वस्तरा मिळत होता, तिने ज्या घरात माया मिळाली त्या घराचा देव जवळ केला, यात नवल नव्हतं. उपाशी माणसाच्या हातात भाकरी आणि देव एकाच वेळी दिला, तर त्याने देव मनापासून घेतला की नाही हे कसं ओळखायचं? हा प्रश्न मला पडतो. रमाबाईंच्या बाजूने एवढंच म्हणते की त्यांनी मुलींना लपवून काही केलं नाही. दार उघडं होतं म्हणूनच वाद झाला.

मग १८९६ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या भागात, माणसं मरत होती. रमाबाईंकडे पैसे थोडे. पण आपण स्वतः त्या पाल्यावर जगलेलो, मग इथं पुण्यात कसं बसायचं? त्या स्वतः गेल्या. सरकारी मदतकेंद्रं आणि अनाथगृहं त्यांनी हिंडून पाहिली. आणि त्यांना भुकेपेक्षाही वाईट एक गोष्ट दिसली. त्या मदतीच्या जागेतच तरुण मुलींना धोका होता. धान्य वाटणारा, पहारा करणारा, मुकादम, असे जे हातात सत्ता असलेले, त्यांतले काही मुलींना नासवत होते. बाहेर मुली फूस लावून नेणारे दलाल टपलेले. म्हणजे जीव वाचवायचा तर अब्रू द्यायची. रमाबाईंनी हे सगळं उघड लिहिलं. दुष्काळात बाईचं काय होतं, हे तिथं जाऊन बघून लिहिणारी बाई तेव्हा दुसरी कोण होती?

त्या तीनशेच्या आसपास मुली, बाया घेऊन आल्या. हाडांचे सापळे. अंगावर चिंध्या. शारदा सदनातल्या ज्या विधवा आधी स्वतः आसऱ्याला आल्या होत्या, त्यांच्यावर आता या मुलींची जबाबदारी पडली. आंघोळ घालणं, भरवणं, रात्री जागणं. आणि या मुली सगळ्या जातींच्या होत्या. शारदा सदनात मुख्यतः वरच्या जातींच्या विधवा होत्या, इथं ते बंधन गळून पडलं.

तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ. एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी मिळेना. रमाबाईंनी केडगावला आधी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबाग लावून तिच्या उत्पन्नावर संस्था चालवावी म्हणून. आता सगळ्या मुली तिथं हलवल्या. झोपड्या, तंबू, माळरान आणि पाण्याची ओढ. तेच पुढं मुक्ती सदन झालं.

आणि याच १८९७ सालात आजच्या गोष्टीतलं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम त्यांनी केलं. त्याला ना इमारत आहे ना पुतळा. त्यांनी एक पत्र लिहिलं.

पुण्यात तेव्हा प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरात घुसत होते. संशय आला की माणूस उचलून दवाखान्यात किंवा छावणीत. रमाबाईंकडची एक मुलगी अशीच प्लेगच्या दवाखान्यात गेली ती परत आली नाही. ती तिथल्या पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली, असं रमाबाईंनी लिहिलं. तिथं बायकांना कसं ठेवतात, कुणाचं लक्ष नाही, हे सगळं त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आणलं. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी सांगितलं की या बाईचं म्हणणं चुकीचं आणि दिशाभूल करणारं आहे. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

आता विचार करा. राज्य करणारे ख्रिस्ती, ही बाईही ख्रिस्ती. संस्थेला पैसा येतो तो ख्रिस्ती देशातून. गप्प बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. तीनशे मुलींना जेवू घालतेय, यातच तिचं नाव झालं असतं. पण एका मुलीसाठी तिने सरकारला सगळ्यांसमोर प्रश्न विचारला. गंमत अशी की ज्या ‘केसरी’ने चार वर्षांपूर्वी तिच्यावर आग ओकली, तोही त्याच सुमाराला प्लेगच्या जुलमाविरुद्ध लिहीत होता. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जावं लागलं. त्या दोघांचं एकमेकांशी पटलं नाही, पण ठेच दोघांना एकाच दगडाची लागली.

आपण गटात काम करताना हेच अडतं. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका विधवा बहिणीचा पगार, म्हणजे निराधार योजनेचे पैसे, सात महिने थांबले. आम्ही गटातून धान्य गोळा करून दिलं. सगळ्यांनी कौतुक केलं. पण जेव्हा आम्ही अकराजणी एका कार्यालयात जाऊन विचारलं की कागद पूर्ण असताना पैसे का थांबले, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "तुम्ही बायांनी पापड-लोणची करावीत, हे कशाला?" धान्य दिलं तेव्हा आम्ही चांगल्या होतो. प्रश्न विचारला तशा वाईट झालो. पैसे मात्र पुढच्या महिन्यात जमा झाले.

केडगावला परत येते. १८९९-१९०० ला पुन्हा दुष्काळ, या वेळी गुजरात, राजपुतान्याकडे. या खेपेला रमाबाईंनी आपल्याच तयार झालेल्या बायांना मुली आणायला पाठवलं. जी स्वतः दुष्काळातून आली, ती आता दुसरीला आणायला गेली. मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. रोज दीड हजार तोंडं! आपल्या गावजेवणाला एक दिवस किती धांदल होते, ते आठवा आणि वर्षभराचा हिशेब लावा.

पण नुसतं जेवू घालून बसवलं नाही. शेती, गाई, दूध, तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, धुलाई, छापखाना. ज्या मुलीला जे जमेल ते काम शिकायचं आणि बरोबर अक्षर शिकायचं. आंधळ्या मुलींना मनोरमेने ब्रेल लिपी शिकवली, ती स्वतः अमेरिकेत शिकून आली होती. आंधळ्या मुली बोटांनी वाचायला लागल्या. आणि ज्यांना समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी वेगळं कृपा सदन. वाँटेजच्या भगिनींनी दाखवलेलं फुलहॅमचं घर आता केडगावच्या माळावर उभं राहिलं.

मला त्यातला छापखाना फार आवडतो. रमाबाईंना वाटायचं की बायबलचं जे मराठी भाषांतर आहे ते जड आहे, साध्या बाईला कळत नाही. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळातून सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. कितीतरी वर्षं ते चाललं. आणि खिळे जुळवायला, छापायला कोण? याच मुली. जिला एके काळी पाला खावा लागला, ती आता शिशाची अक्षरं उलटी वाचून ओळी लावत होती.

सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. तेच सरकार, ज्याच्या गव्हर्नरने त्यांचं पत्र दिशाभूल करणारं म्हटलं होतं. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. जिला कडेवर घेऊन पुण्यात आल्या होत्या, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं, ती आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराची शेवटची पानं तपासली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. ते बायबल छापून झालं १९२४ मध्ये, केडगावातच.

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा खडी फोडलेल्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या शेजारणीचं नाव काय गं? भाकरी दिली ती?" मी पुस्तक पुन्हा चाळलं. नाव कुठे लिहिलेलं नाही. आजींना ते पटलं नाही. म्हणाल्या, लिहायला पाहिजे होतं.

पुढच्या महिन्यात आमचा गट केडगावला जाणार आहे. संस्था आजही चालू आहे. तिकिटाचे पैसे गटाच्या खात्यातून नाहीत, प्रत्येकीने आपापले काढायचे असं ठरलं आहे. आजींचं तिकीट मात्र आम्ही वाटून घेतलं.